खाराखालचं नाव

गोजरबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. खार मात्र तिनं जन्मभर पाहिला.

नव्या वडुलखेडात बोअरचं पाणी इतकं जड, की आज लख्ख घासलेल्या हंड्यावर आठ दिवसांत पांढरी साय धरायची आणि महिन्यात तिचं कवच व्हायचं. गावात नव्यानं नांदायला आलेली सून पहिल्या महिन्यात रडायची ती सासूपायी नव्हे, खारापायी. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, केसांचा काथ्या व्हायचा. गोजरबाईनं या खाराशी पन्नास वर्षं झुंज दिली होती. भांडं चिंचेच्या कोळात भिजत घालायचं, मग विळ्याचं टोक खाराच्या कडेखाली सरकवायचं आणि मनगटाला बारीक हिसका द्यायचा, की पापुद्रा टणकन उडायचा. गावातला हट्टाला पेटलेला हंडा शेवटी तिच्या दारात यायचा. "गोजराक्काचा हात लागला की भांडं रुखवतातनं उचलल्यावानी दिसतं," असं बाया म्हणायच्या.

त्याच हातानं घात केला.

शेवगाव तालुक्यातलं जुनं वडुलखेड नाथसागर धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा गोजर तेरा वर्षांची होती. गाव वसलेलं होतं पांढरीच्या टेकाडावर. गावाखाली गाव, त्याखाली आणखी जुनं गाव, असा तो राखेचा न् मातीचा ढीग. लोक तिथली माती खणून धाब्याच्या घरांच्या छपरांवर टाकायचे आणि मातीतून खापऱ्या निघायच्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघायचे. शाळेवर शरच्चंद्र खिस्ती नावाचे तरुण मास्तर नगरहून बदलून आले होते. गोजर दोनच वर्षं शाळेत गेली, पण त्यातल्या एका दिवशी ती मुठीत लाल दगडाचा मणी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आमच्या धाब्यावर घावला, गुरुजी. कुनाचा आसंल?"

"तुझ्या आजीच्या आजीचा."

"आजीला म्हाईत न्हाई म्हनली."

"अगं, एक आजी नव्हे. आजीची आई, तिची आई, तिची आई. अशा ऐंशी बाया मोज. त्या ऐंशीव्या बाईच्या गळ्यातला."

गोजर घरी जाऊन भिंतीवर कोळशानं रेघा ओढत बसली. ऐंशी रेघा झाल्या तेव्हा भिंत संपली होती आणि आईचा मार सुरू झाला होता.

पुढं धरण आलं, गाव उठलं, तिचं लग्न बन्सीशी झालं, मूल झालं, बन्सी गेला. गुरुजी शेवगावला बदलून गेले, निवृत्त झाले, नगरच्या सावेडीत फ्लॅट घेऊन राहिले. पण ज्या उन्हाळ्यात पाणी फार खाली जाई, त्या उन्हाळ्यात बुडालेली पांढर पाठ काढून वर येई. बाकीच्या बाया गाळपेरीची ढेमसं, काकड्या काढायला गाळात उतरत, आणि गोजरबाई पांढरीवर. मिळालं ते पिशवीत घालायचं, एस्टीनं आधी शेवगाव, पुढं सावेडी गाठायची.

पहिल्या खेपेला गुरुजींच्या घरी महाभारत झालं होतं. गुरुजींची बायको, काकू, जिवंत होत्या तेव्हा.

"हा माणूस आता चिखलसुद्धा घरात आणायला लागला," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मी फरशी पुसायची की यांचे पुराणपुरुष?"

गुरुजी ओशाळे झाले. गोजरबाईला जिन्यापर्यंत सोडायला आले न् हळूच म्हणाले, "गोजर, एवढं कर. माती गावातच ठेवून येत जा. घासून, धुऊन आण."

तेव्हापासून ती घासून आणू लागली. एकेक खापरी काथ्यानं चोळून, काडीनं भेगा कोरून, उन्हात सुकवून. गुरुजी तुकडा उजेडात धरायचे. "पुण्यात विद्वान लोक सुद्धा इतकं स्वच्छ धूत नाहीत गं." असं कौतुक गोजरबाईच्या वाट्याला दुसरीकडून कधीच आलं नव्हतं. काकू गेल्या, फरशीवरून बोलणारं कुणी उरलं नाही, तरी घासायचं काही थांबलं नाही. बिस्किटांचे सतरा पत्र्याचे डबे भरले.

गुरुजींचं एकच वेड होतं. परदेशी जहाजं इकडं आली, दारूचे लांबट कुंभ घेऊन आली, त्यांची खापरं थेट गोदाकाठापर्यंत पोचली, हे पुस्तकांत लिहिलेलंच होतं.

"आले त्यांचं सगळं लिहून ठेवलंय," गुरुजी म्हणायचे. "पण आपले गेले का नाही? अरबस्तानाच्या खाली एक बेट आहे, गोजर. तिथं डोंगरात गुहा आहे. आपल्याकडच्या दर्यावर्दींनी आत शिरून चिखलानं, कोळशानं नावं लिहून ठेवलीत. अमक्याचा पोरगा तमका, आला होता. दीडदोन हजार वर्षांपूर्वी. पुढं काय आहे ते ठाऊक नसताना माणसं निघाली न् तिथवर पोचली."

"कोळशानं?" गोजरबाईला आपली भिंत आठवली. "मग मार पडला आसंल त्यान्ला."

गुरुजी हसले. "त्यात आपल्या काठचा एक तरी असेल की नाही?"

"आसंल की. आपली मानसं काय घरी बसून हुती व्हय."

नगरला एकदा विद्वानांची सभा भरली होती. तिथं गुरुजींनी हे मांडलं. गोजरबाई पिशवी मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसली होती. बोलणं संपल्यावर पुढच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांनी चष्मा पुसत विचारलं, "गुरुजी, शेवगावला बंदर नक्की कोणत्या साली होतं?" सगळं सभागृह हसलं. बाहेर रसाच्या गाड्यावर गुरुजींनी अर्धा पेला रस तसाच ठेवला. "पुरावा पाहिजे, गोजर," एवढंच म्हणाले. "नुसतं असेल-असेलनं भागत नाही."

त्यानंतर सलग चार उन्हाळे धरण तुडुंब राहिलं न् पांढर वर आलीच नाही. तेवढ्यात गुरुजींना ब्याऐंशी लागलं आणि दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. यंदा वैशाखात पाणी खाली गेलं तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"पांढर दिसतेय का गं?"

"पाठ दिसायला लागली. दोन दिसांत पाय ठिवता येतील."

"पुण्याहून मनवा म्हणून बाई येणार आहेत. जहाजांच्या अभ्यासातल्या आहेत. पुढच्या गुरुवारी. हे शेवटचं ऐकून घेतायत माझं." मग आवाज आणखी बारीक झाला. "पुढचा उन्हाळा माझ्याकडं नाही, गोजर."

गोजरबाई सात दिवस पांढरीवर गेली. सातव्या दिवशी, पाण्यानं चिरलेल्या कडेला, एका जाड भांड्याची मान न् खांदा तिला घावला. तळहाताएवढं खापर, लालसर, वजनदार. एका अंगाला अक्षरं कोरलेली. असली अक्षरं तिनं गुरुजींच्या पुस्तकात पाहिली होती. दोन स्पष्ट होती. तिसऱ्याचं नुसतं टोक दिसत होतं, बाकी ते पांढऱ्या खाराखाली शिरलं होतं.

तिनं तिथूनच फोन लावला. "गुरुजी, अक्षरं हायेत. तुमची जुनी."

पलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज आला. "किती?"

"दोन दिसत्यात. तिसरं दिसंना. उद्याच गुरवार हाय. सकाळच्या एस्टीनं घिऊन येते."

"ये. स्वच्छ करून आण. नीट वाचता आलं पाहिजे."

खाराचं ती बोलली नाही. खारात बोलण्यासारखं काय असतं?

घरी सून ज्ञानेश्वरी न्हाणीच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली. "आत्या, फुटक्या खापराला चिचंचं पानी? घरातल्या हंड्याकडं बगा जरा, पांढरा फटक पडलाय. बाथरूमचं अ‍ॅसिड वता, एका मिनिटात फसफसून निघंल."

"अ‍ॅसिडनं मुरदाड पडतं ते. तू भाकरी बघ."

खार हट्टी होता. तिला वाटलं त्याहून चिवट. चिंचेत चार तास ठेवूनही हलेना. तिनं विळा घेतला. टोक कडेखाली, मनगटाला हिसका. एक पापुद्रा उडाला, दुसरा उडाला. मग अक्षरांच्या खोबणीत टोक घालून तिनं उरलेलं कोरून काढलं, कानातला मळ काढावा तसं, जपून. तिसरं अक्षर मोकळं झालं. गळासारखं वाकडं. तिनं पाणी ओतलं. ते पाणी न्हाणीतून शेवग्याच्या आळ्यात गेलं. गोजरबाई खापर पदरानं पुसत राहिली. आयुष्यात तिनं याहून सुबक काम केलं नव्हतं.

गुरुवारी सावेडीच्या फ्लॅटवर दार गुरुजींच्या लेकीनं, लीनानं उघडलं. "या गोजरबाई. रात्रभर झोपले नाहीत बाबा. तुमची एस्टी कुठं असेल ते सांगत होते मला."

गुरुजी खुर्चीत उशीला टेकून बसले होते. हातावर सुयांचे निळे डाग. त्यांनी खापर घेतलं, भिंग लावलं, ओठ हलले. "ना... ग... स. नागस." मान वर केली. डोळ्यांत पाणी. "नागाचं. हे भांडं नागाचं आहे, असं लिहिलंय बघ. नाव आहे गं. माणसाचं नाव."

"नाग म्हंजी कोन?"

"कुणास ठाऊक. तुझ्या गावचा कुणीतरी. नाव उत्तम निघालंय."

"निगालंय कसलं, काडावं लागलं. त्यो खार काय सादा हुता?" गोजरबाई खुशीत बोलत होती. "अर्दा दीस गेला माजा."

गुरुजींचं भिंग थांबलं. "खार होता याच्यावर?"

"व्हय. तिसऱ्या अक्षरावर तर लई."

"खार पाण्याचा. हंड्यावर असतो तसा."

"तसा न्हाई. ह्यो टनक. न्यारीच जात." तिनं बोटाचं पेर दाखवलं. "बारक्या बारक्या वाट्या वो. एकीला एक चिकटल्याली. टोकाला भोक. डोंगर आस्तोय न् त्याला वर तोंड, तशा."

गुरुजींनी भिंग मांडीवर ठेवलं.

"या वाट्या अक्षराच्या वर होत्या? खोबणीच्या आत गेलेल्या?"

"आत गेल्याल्या. म्हनून तर इळ्यानं कोरल्या."

"गोजर," ते फार हळू बोलले, "त्या शिंपल्या असतात. खडकाला, होडीच्या बुडाला चिकटतात. खाऱ्या पाण्यात. ही जात समुद्र सोडून कुठं होत नाही."

गोजरबाईनं खापरावरच्या मोकळ्या अक्षरावर बोट ठेवलं.

"आधी नागानं नाव कोरलं. आपल्या लिपीत. मग भांडं समुद्रात राहिलं. वर्ष, सहा महिने. नावावर शिंपल्या धरल्या. आणि मग कुणीतरी ते अडीचशे किलोमीटर परत आणलं. फुटक्या भांड्याचं ओझं कोण वाहतं? ज्याचं नाव त्यावर आहे, तोच." त्यांनी खापर पुन्हा उचललं. "गेला होता तो. गेला न् परत आला. ते त्या खारात लिहिलेलं होतं. नावात नव्हतं."

दाराची घंटा वाजली.

मनवा मॅडम पस्तिशीच्या, सुती कुर्त्यातल्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी दिव्याचं भिंग काढून खापर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. गुरुजींनी सगळं सांगितलं. बाई मध्ये एकदाही हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गोजरबाईला वाटलं.

"काका, त्या शिंपल्यांचा फोटो आहे?"

"नाही."

"एखादा कण? कुठं चिकटून राहिलेला?"

गुरुजींनी गोजरबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. असं तिनं काही ठेवलंच नव्हतं. एक कण जरी राहिला असता तर ते काम तिचं कसलं?

"या खोबणी बघा. आतला रंग ताजा आहे. लोखंड लागलंय याला."

"म्हणजे मी कोरलं?"

"मी असं कुठं म्हणाले, काका? आज कोरलंय असं मी म्हणत नाही. पण आज कोरलेलं नाही, असंही मला म्हणता येत नाही."

"म्या घासलं, बाई," गोजरबाई म्हणाली. "इळ्यानं. गुर्जींनी हात बी लावला न्हाई."

"पण का? असं घासायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

गोजरबाईच्या तोंडाशी उत्तर होतं. तिनं गुरुजींकडं पाहिलं. ते खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या स्कूटरी बघत होते. तिनं उत्तर गिळलं.

"मला अक्कल न्हाई, बाई. म्हनून."

गुरुजी तेव्हाही काही बोलले नाहीत. बाई गेल्यावर एवढंच म्हणाले, "जा तू आता, गोजर. एस्टी चुकेल." एस्टीला अजून दोन तास होते.

बसस्टँडच्या बाकावर ते दोन तास ती सतरा डबे डोळ्यांपुढं आणत होती. चाळीस वर्षांच्या खापऱ्या. सगळ्या तिनं घासलेल्या, एकसारख्या, कोऱ्या. त्यातल्या किती तुकड्यांवर काय काय होतं कुणास ठाऊक. काजळी, मेण, दारूचा गाळ, समुद्र. सगळं शेवग्याच्या मुळाशी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं शेवग्याचं आळं उकरायला घेतलं.

ज्ञानेश्वरी आधी चिडली, मग घाबरली. "आत्या, झाड मरंल."

"मरू दे."

टोपलंभर चिखल काढायचा, उन्हात वाळवायचा, हातानं चुरायचा, पिठाच्या चाळणीनं चाळायचा. सांडलेलं शीत, केसांचे गुंते, साबणाचे गोळे, भांड्यांचा साधा खार. चिमटीत धरून एकेक कण उजेडात बघायचा. लोक दारावरून जाताना थांबत. "म्हातारीचं सोनं पडलं का काय?" मुलगा कानिफनाथ टेम्पोवरून घरी आला की मान खाली घालून आत जाई. गुरुजींचा फोन आला नाही. तिनं दोनदा लावला, दोन्ही वेळा लीनानं उचलला. "झोपलेत," म्हणाली.

एकोणिसाव्या दिवशी चाळणीत अंगठ्याच्या नखाएवढा एक पापुद्रा राहिला. वरच्या अंगाला तीन वाट्या, टोकाला भोक. तिनं तो उलटा केला. खालच्या अंगाला बारीक उंचवटा होता. गळासारखा वाकडा. खोबणीत भरून वाढलेल्या शिंपलीनं आपल्या पोटावर अक्षर उमटवून घेतलं होतं. गोजरबाई बोट फिरवत राहिली. मग हळदीकुंकवाच्या करंड्यात कापूस घालून तिनं तो ठेवला.

सावेडीला गुरुजी पलंगावर होते. नजर जवळजवळ गेलेली. लीनानं दार लावून घेतलं नाही, एवढंच.

"गुर्जी, गोजर आले."

तिनं टेबलावरचं खापर घेतलं, पापुद्रा तिसऱ्या अक्षरावर धरला न् हळूच दाबला. बसला. कुठं फट नाही. मग गुरुजींचं बोट धरून ‘ना’वरून नेलं, ‘ग’वरून नेलं, आणि पुढं शिंपल्यांच्या खरखरीवर चढवलं. बोट थांबलं. परत मागं आलं. पुन्हा चढलं.

"खाली आहे?" त्यांनी विचारलं.

"खाली हाय. अक्षर खाली, खार वर. बसतंय वो गुर्जी."

"लीना, मनवाला फोन लाव."

लीनानं फोटो पाठवले, फोन लावला, आवाज मोठा केला. मनवा मॅडम शांतपणे बोलल्या. "काका, मला पटतंय. खरंच पटतंय. पण तो तुकडा सुटा झाला, एकोणीस दिवस चिखलात होता, समुद्रावरची शिंपली आणून तासून बसवता येते. समोरचा पहिला प्रश्न हाच विचारेल. मग तुमचे बाकीचे डबेसुद्धा कोणी उघडून बघणार नाही. मी माझ्या वहीत नोंद करते. छापता नाही येणार मला."

"बरोबर आहे तुमचं," गुरुजी म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांचं बोट खापरावर होतं.

"धुऊन आण, हे मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी बोललो नाही मी."

"व्हय."

"घाबरलो."

"व्हय, गुर्जी." माफ केलं म्हणावं तर ते खोटं झालं असतं. तिनं करंडा मिटला.

आषाढात गुरुजी गेले. दहाव्याला लीनानं फोन केला. फ्लॅट विकून ती पुण्याला चालली होती. वस्तुसंग्रहालयानं डबे घेतले नव्हते. कुठून, कुठल्या थरातून आले याची नोंद नाही म्हणे. कानिफनाथनं टेम्पोतून सतरा डबे आणले न् ओसरीत एकावर एक रचले.

"ह्याचं काय करायचं आता, आये?"

"आसू दे."

पुढच्या उन्हाळ्यात पांढर पुन्हा वर आली. गोजरबाई पुन्हा गेली. संध्याकाळी खापऱ्या घेऊन आली, चिखलासकट, मुळ्यांसकट, आणि न्हाणीकडं न जाता ओसरीच्या भिंतीवर ओळीनं मांडून बसली. चिखल ओघळून सारवणावर उतरला.

"धुवा की, आत्या," ज्ञानेश्वरी म्हणाली. "घान केली समद्या वसरीत."

"न्हाई धुवायचं."

"मग कुनाला दावायच्यात ह्या?"

गोजरबाईनं शेवटची खापरी ओळीत सरळ केली. तिच्या कडेला कसला तरी पांढरा थर होता. तिनं नख जवळ नेलं न् मागं घेतलं.

"कुनाला न्हाई," ती म्हणाली.